आधी खराटा, मग कीर्तन

महाडहून पोलादपूरकडे एस.टी.ने जाताना कधी खिडकीची सीट मिळाली तर बाहेर नीट बघा. कितीतरी ग्रामपंचायतींच्या भिंतीवर एक चित्र दिसतं. पांढरी दाढी, अंगात ठिगळांचा सदरा, हातात खराटा. चित्र बहुधा गावातल्याच कुणी पेंटरने काढलेलं असतं, पावसाने अर्धं पुसलेलं असतं, आणि बरेचदा त्याच्याच खाली कुणीतरी गुटख्याची पिचकारी मारलेली असते. हे गाडगेबाबा.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. संत म्हटलं की आम्हाला आधी सेंट आठवायचे. मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास आणि परीक्षेपुरतं. त्यामुळे गाडगेबाबा म्हणजे स्वच्छता, यापुढे माझी गाडी कधी गेलीच नव्हती. मागच्या वर्षी एन.एस.एस.च्या शिबिराआधी सरांनी लायब्ररीतून दोन पुस्तकं काढून दिली, एक प्रबोधनकार ठाकऱ्यांचं आणि एक गो. नी. दांडेकरांचं. सबमिशनच्या आठवड्यात ती वाचायला घेतली आणि जर्नल तसंच पडून राहिलं! तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

बाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला. जात परिटाची, म्हणजे गावाचे कपडे धुवायचं काम घरात. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. डेबू तेव्हा आठेक वर्षांचा. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. मामाकडे ढोरं राखायची, शेण काढायचं, गोठा झाडायचा, मोठा झाल्यावर नांगर धरायचा. शाळा नाही. पुढे आयुष्यभर त्यांना लिहिता वाचता आलं नाही. ज्या माणसाच्या नावाने आज अमरावतीला विद्यापीठ आहे, त्याला अक्षरओळख नव्हती, ही गोष्ट आपण ए.टी.के.टी.वाल्यांनी मनात घोळवण्यासारखी आहे.

मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. कागदावर काय लिहिलंय ते वाचता न येणाऱ्याचं जे व्हायचं तेच झालं. मामा त्या धक्क्यातून उठले नाहीत. पण सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी औत घेऊन शेतात उभा राहिला आणि हटला नाही. पुढे कीर्तनात बाबा कर्जाबद्दल आणि शिक्षणाबद्दल एवढं तळमळून बोलायचे, त्याचं मूळ मला या शेतात दिसतं. घरातली भांडी विका पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह असायचा.

लग्न झालं १८९२ साली, कुंताबाईंशी. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू व्हायला हवी होती. डेबूजीने गोडाचं जेवण केलं. आज आपल्याला यात काय मोठं असं वाटेल. पण जातपंचायतीच्या काळात भावकीला दारू न पाजणं म्हणजे अख्ख्या समाजाशी वाकडं घेणं. ज्या दारूने बाप गेला, ती मुलीच्या नावाने वाटायची नाही, इतकं साधं गणित होतं ते.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री हा माणूस घर सोडून निघून गेला. घरात म्हातारी आई, बायको, लेकरं. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चरित्रं वाचताना आपण अशा ठिकाणी भराभर पुढे जातो, कारण पुढे तो माणूस मोठा होणार हे आपल्याला ठाऊक असतं. कुंताबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्या मोलमजुरी करून जगल्या. आणि पुढे बाबांच्या शब्दाखातर लाखांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या तरी त्यात घरच्या माणसांचा काडीचा हक्क नाही, हे बाबांनी पक्कं करून ठेवलं. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत याहून कडक माणूस मी वाचलेला नाही. पण नवरा म्हणून? माझं मन तिथे अजून अडतं, आणि ते अडावं असंच मला वाटतं.

पुढची बारा वर्षं भटकंती. अंगावर चिंध्यांचं गोधडं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फुटक्या मडक्याचं खापर. व्हऱ्हाडात त्याला गाडगं म्हणतात. भाकरी मिळाली तर त्यात घ्यायची, पाणी त्यातच प्यायचं, ऊन लागलं तर तेच डोक्यावर पालथं. एक वस्तू, तीन उपयोग. आपल्या डिझाइनच्या सरांना हे आवडेल. त्या खापरावरून लोक गाडगेबाबा म्हणायला लागले. कुठे गोधडेबुवाही म्हणत.

त्यांची गावात शिरायची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. ते आधी कुणालाच भेटायचे नाहीत. पाटील नाही, पुढारी नाही, देऊळ नाही. वेशीपाशी खराटा घ्यायचा आणि झाडायला लागायचं. तुंबलेली गटारं मोकळी करायची, उकिरडा भरायचा, पाणवठ्याभोवतीचा चिखल काढायचा. लोकांना वाटायचं, कुणी वेडा आलाय. पोरं दगड मारायची. कुणी भाकरी दिली तर आधी काम सांगा म्हणायचे, काम केल्याशिवाय खायचे नाहीत. मेसच्या भाजीवर रोज भाषण देणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. दुपारपर्यंत एकदोन जण लाजून फावडं घेऊन यायचे. संध्याकाळपर्यंत अर्धा गाव हाताशी. आणि मग त्या झाडलेल्या जागेवर रात्री कीर्तन.

हे कीर्तन म्हणजे प्रश्नांचा मारा असायचा, अस्सल व्हऱ्हाडीत. देवाला आंघोळ कोण घालतं, त्याला धोतर कोण नेसवतं, त्याच्यापुढचा प्रसाद कुत्र्याने पळवला तर त्याला हाकलतं कोण, असं विचारत विचारत ते समोरच्याच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. बोकड का कापता, लग्नासाठी कर्ज का काढता, शिवाशिव का पाळता, पोरीला शाळेत का घालत नाही. व्हायवाला एक्स्टर्नल जसा हळूहळू कोपऱ्यात घेतो, अगदी तसंच. फरक एवढाच की इथे कोपऱ्यात गेलेला माणूस हसत घरी जायचा. पाया पडायला कुणी वाकलं तर मात्र बाबा काठी उगारायचे. गुरू नाही, शिष्य नाही, मठ नाही. पंढरपूरला वारीला जायचे तेही देवळात दर्शनाला जाण्याऐवजी वाळवंट झाडायला.

आता इथे मला आपल्या महाडविषयी बोलायचंय.

बाबा व्हऱ्हाडात आणि देशावर गावं झाडत फिरत होते, त्याच काळात, १९ आणि २० मार्च १९२७ ला, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रायगड जिल्ह्याचं तेव्हाचं नाव कुलाबा. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, सुरबानाना टिपणीसांसारखी माणसं त्यामागे होती. पण ठराव कागदावरच होता. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. आणि मग काही लोकांनी तळं शुद्ध करून घेतलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या घागरी तळ्यात ओतून आणि मंत्र म्हणून. घागरी १०८.

एन्व्हायर्नमेंटच्या लॅबमध्ये आपण पाण्याचा बी.ओ.डी. काढतो. माणसाने ओंजळभर पाणी प्यायलं तर तळ्याच्या बी.ओ.डी.ला काहीही होत नाही. त्यात शेण ओतलं तर तो वाढतो. म्हणजे महाडच्या पाण्यात त्या दिवसांत जी काही घाण गेली, ती शुद्धीकरणातूनच गेली! मी महाडचीच आहे. तळ्याला हजारदा वळसा घातलाय, पण हे मला त्या पुस्तकांच्या आठवड्यात पहिल्यांदा नीट समजलं. शुद्ध आणि स्वच्छ हे आपण एकच समजून बोलतो. पण शुद्धतेच्या नावाखाली आपल्याकडे माणसांना पाण्यापासून लांब ठेवलं गेलं, आणि स्वच्छता करणाऱ्यालाच घाणेरडं ठरवलं गेलं. परीट सगळ्या गावाचे कपडे पांढरे करून द्यायचा आणि स्वतः मात्र खालच्या पायरीवर उभा राहायचा.

म्हणून डेबूजीच्या हातातला खराटा ही साधी गोष्ट राहत नाही. ज्या समाजात झाडणं हे ठरावीक जातींच्या कपाळी लिहिलेलं काम होतं, तिथे त्यांनी ते कीर्तनकाराचं काम केलं आणि मग पाटलाच्या, सावकाराच्या, भटजीच्या हातात तोच खराटा दिला. आजही झाडणाऱ्याकडे आपण कसं बघतो ते आपल्या हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये सकाळी सात वाजता उभं राहून बघावं.

बाबा बाबासाहेबांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. एक निरक्षर, एक जगभरच्या पदव्यांचा धनी. पण दोघांना एकमेकांविषयी फार आदर होता. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना पाठ टेकायला जागा मिळायची नाही, म्हणून बाबांनी १९१७ मध्ये तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती. ती इमारत त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. देवाला आलेल्यांसाठी बांधलेली जागा शिकायला आलेल्यांना दिली. हॉस्टेलवाल्यांनो, हे आपल्याच खात्यातलं दान आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही बाबांचं असंच जमलं. कर्मवीरांनी १९५४ साली कराडला कॉलेज काढलं तेव्हा त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज.

बाबांच्या बांधकामांची यादी मोठी आहे. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट, मूर्तिजापूरला गोरक्षण, नाशिकला १९३२ मध्ये धर्मशाळा, शिवाय देहू, आळंदी, शाळा, आश्रम. सगळी सांगत बसत नाही. एक मात्र सांगते, मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलजवळची धर्मशाळा. बाबांनी बघितलं की गावाकडून पेशंट घेऊन आलेली माणसं फुटपाथवर झोपतात. पेशंटला खाट मिळते, त्याच्या बायकोला काय? तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणारे पुष्कळ होते. हॉस्पिटल हे सुद्धा तीर्थक्षेत्र आहे, तिथेही माणूस देवाच्या भरवशावरच बसलेला असतो, हे बाबांच्या लक्षात आलं.

शिबिर पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरातल्या गावात होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडच्या अनेक गावांसारखंच ते. तरणी माणसं मुंबईला किंवा सुरतेला, घरांना कुलपं, गणपती आणि शिमग्याला गजबजणार, एरवी म्हातारी माणसं आणि बाया. मुंबई मंडळाच्या वर्गणीतून देवळाला टाइल्स बसवलेल्या, पाखाडी सिमेंटची केलेली. गावकीने आम्हाला कामांची यादी दिली: देवळाचं आवार, होळीचा माळ, शाळा, मुख्य वाडीची पाखाडी. चांगली यादी होती. पण बौद्धवाडीकडे जाणारी वाट आणि तिथला पाणवठा यादीत नव्हता. मुद्दाम गाळलाय असं कुणी म्हणालं नसतं. तो फक्त कुणाला आठवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमचे सर कुणाला काही न सांगता एकटेच फावडं आणि घमेलं घेऊन त्या पाणवठ्यावर गेले. आम्ही चहाला जमलो तेव्हा सर दिसेनात. शोधत गेलो तर हे गुडघाभर चिखलात! मग काय, आम्ही वीसजण उतरलो. झऱ्याच्या तोंडाचा गाळ काढला, बाजूने जांभ्याचे दगड रचले, सांडपाण्याला वहाळाकडे चर काढून दिला. मुख्य वाडीतले दोघंतिघं दुपारी आले. बाकीचे पडवीतून बघत राहिले. पुस्तकातल्यासारखा अर्धा गाव काही आला नाही. पण आलेल्यातल्या एका आजोबांनी निघताना त्याच झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं आणि काही न बोलता वर चढून गेले. त्यांचं वय बघता त्यांनी आयुष्यात तिथे ते पहिल्यांदाच केलं असावं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

त्याच वाडीतल्या एक आजी आम्हाला चहा द्यायला आल्या. भिंतीवरच्या चित्रातल्या बाबांबद्दल मी त्यांना सहज विचारलं. मला वाटलं स्वच्छतेबद्दल काही सांगतील. त्या म्हणाल्या की त्यांचे यजमान जे.जे.ला होते तेव्हा त्या दीड महिना बाबांच्या धर्मशाळेत राहिल्या होत्या. तिथे कुणी जात विचारली नाही आणि दोन वेळचं जेवण मिळालं. खराट्याचं त्यांना काही विशेष नव्हतं. खराटा त्यांच्या हातात रोजच होता.

भिंतीवर ही चित्रं आली ती ग्रामस्वच्छता अभियानामुळे. २०००-०१ मध्ये राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांची ती कल्पना. त्यातली खुबी अशी की गाव साफ करायला आधी पैसे द्यायचे नाहीत, गावाने श्रमदानाने आणि लोकवर्गणीने काम करायचं, तपासणी समिती येऊन गुण देणार आणि पहिल्या येणाऱ्या गावांना बक्षीस. गावागावांत नुसती चुरस लागली. शोषखड्डे, परसबागा, घरोघरी संडास, रंगवलेल्या भिंती, दारात तुळस आणि रांगोळी. सकाळी उघड्यावर बसणाऱ्यांना हटकायला गुड मॉर्निंग पथकं निघाली. माझी आई सांगते, समिती येणार म्हटलं की तिच्या माहेरच्या गावात गुरांनासुद्धा आंघोळी घालायचे. पुढे केंद्र सरकारने निर्मल ग्राम पुरस्कार काढला आणि २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आलं.

यावर नाकं मुरडणारे खूप आहेत. समिती गेली की गाव पुन्हा तसंच, असं म्हणतात. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण मला विचाराल तर स्पर्धेसाठी बांधलेला संडाससुद्धा पावसाळ्यात रात्री बाहेर जावं लागणाऱ्या बाईसाठी खराच असतो. माझी शंका वेगळी आहे. गुणांच्या तक्त्यात जे मोजता येतं तेच गाव साफ करतं. बाबांकडे तक्ता नव्हता, त्यामुळे ते नेमके तिथेच जायचे जिथे कुणी बघणार नव्हतं.

आणि महाडला स्वच्छता म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या घरात कमरेएवढा गाळ होता. सावित्री, गांधारी आपलं काम करून गेल्या होत्या. गाळ काढायला ठाणे, नवी मुंबईची पालिकेची पथकं आली, कुठकुठल्या गावांतून पोरं फावडी घेऊन आली. आमच्या आळीत आलेला एक मुलगा तीन दिवस राबला. निघताना आईने त्याला पैसे देऊ केले तर तो चक्क पळून गेला. बाबांचा माणूस असा ओळखू येतो.

आता शेवटचं. १९२३ साली बाबांचा मुलगा गोविंदा गेला. पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते, म्हणजे आपल्याच हायवेवर, इथून दक्षिणेला. बातमी आली, त्यांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवलं. लोक हे त्यांच्या वैराग्याचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ते तितकं सोपं वाटत नाही. समोर माणसं बसली होती, आणि या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट करता येत होती, ती तो करत राहिला.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे. मी ते रूमवर लावलं तेव्हा मला अर्धं कळेना, व्हऱ्हाडी इतकी भरभर. माझी रूममेट अकोल्याची आहे. ती एकेक वाक्य थांबवून मला सांगत होती आणि मध्येच हसत होती. थोड्या वेळाने शेजारच्या रूममधल्या दोघी आल्या, मग आणखी चार. वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्या दिवशी इंटर्नल होती.

त्यानंतर महिन्याभरात ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांची तब्येत आधीच ढासळलेली होती. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच त्यांचा प्राण गेला. जिथे मरण येईल तिथेच क्रियाकर्म उरका, मागे समाधी, मूर्ती, देऊळ काही बांधू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. अमरावतीत समाधी झाली आणि त्या भागाला गाडगेनगर म्हणतात.